स्पर्धेचें पिस्तूल घेण्यापूर्वीं

पिस्तूल हा शब्द आपल्यासारख्या घरांतून पूर्वीं फार तर वर्तमानपत्र वाचतांना उच्चारिला जाई. आतां तो जेवणाच्या पंक्तींत निघतो, आणि काढणारी बहुधा घरांतील मुलगीच असते. कारण उघड आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिनें २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें. पुढें २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत हरियाणाच्या मनू भाकर हिनें दहा मीटर हवाई पिस्तुलांत कांस्यपदक मिळविलें, आणि नेमबाजींत ऑलिंपिक पदक मिळविणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान तिला लाभला. आमचें पोखर्णी हें परभणी-परळी लोहमार्गावरील गांव, नृसिंहाचें ठाणें. ग्रामदैवतानें हिरण्यकशिपूचा वध शस्त्रावांचून केवळ नखांनीं केला. पण त्याच्याच गांवांतील आमच्या नातीस मात्र शस्त्र हवें आहे. परभणीस शिकत असतां दुसऱ्याच्या पिस्तुलावर तिनें दोन वर्षें हात बसविला. आतां स्वतःचें हवें, आणि त्यासाठीं सूनबाईंनीं आपल्या चार पाटल्या मोडण्याची तयारी दर्शविली आहे. चांगलें नवें परदेशी पिस्तूल आज लाखाच्या पुढेंच जातें. तेव्हां सोनाराकडे जाण्यापूर्वीं चौकशी करण्याचें काम आमच्याकडे आलें.

प्रथम घरच्या वडीलधाऱ्यांची भीति दूर करूं. शस्त्रनियम, २०१६ अन्वयें साडेचार मिलिमीटरपर्यंत नळीचें व वीस जूलपर्यंत शक्तीचें हवाई शस्त्र बाळगण्यास परवाना लागत नाहीं. विक्रेता ओळखीचे व पत्त्याचे कागद मागतो, इतकेंच. दारूच्या काडतुसाचें पॉइंट बावीसचें पिस्तूल, ज्याच्या स्पर्धेंत राही सरनोबत खेळली, तें निराळें. त्यास परवाना लागतो. नवशिक्यानें त्या वाटेस तूर्त जाऊं नये.

आतां खेळाचे नियम. अंतर दहा मीटर. लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचें वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढें. पाऊण तास अधिक अर्धा तास, अशा पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे, तेही एकाच हातानें. पूर्वीं स्त्रियांना चाळीसच छर्रे असत. २०१८ पासून स्त्रीपुरुषांस संख्या सारखी झाली. पिस्तुलाचें वजन दीड किलोहून अधिक असतां कामा नये, आणि चाप पांचशें ग्रॅमहून कमी ताणानें सुटतां कामा नये. स्पर्धेपूर्वीं पंच चापास वजन टांगून हें तपासतात. काठावर बसविलेला चाप ऐन वेळीं नापास होतो, म्हणून तो किंचित् अधिकच ठेवावा.

बाजारांत हिंडूं लागतांच प्रथम कानीं पडतात तीं नांवें: ऑस्ट्रियाचें स्टायर, स्वित्झर्लंडचें मोरिनी, इटलीचें पार्दिनी, जर्मनीचीं फाइनवेर्कबाउ आणि वाल्थर. अमुक विजेत्याच्या हातीं अमुक होतें, ह्या वार्तेवरच बहुतेक खरेद्या होतात. आमच्या मतें हा मार्ग चुकीचा. ह्या प्रतीच्या पिस्तुलाबरोबर कारखान्यांतून एक कागद येतो. पिस्तूल शिकंज्यांत घट्ट धरून झाडलेल्या छऱ्यांचा तो पुरावा असतो, आणि तीं छिद्रें दहाच्या वर्तुळाहूनही लहान जागेंत दाटलेलीं दिसतात. म्हणजे शिकंज्यांत सगळींच पिस्तुलें दहा मारतात. गुण जातात ते हातांत आल्यावर.

ते कसे जातात हें आम्ही नातीस त्रैराशिकानें समजाविलें, कारण मास्तरकीची खोड जात नाहीं. नळीच्या टोंकाची माशी आणि मागची खाच ह्यांत सुमारें तेहतीस सेंटिमीटर अंतर असतें. दहा मीटर हें त्याच्या सुमारें तीसपट. आतां सबंध हातच एक मिलिमीटर बाजूस सरकला, पण माशी खाचेच्या मध्यावरच राहिली, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. दहा गुण दहाच राहतात. पण चाप ओढतांना बोटाच्या हिसक्यानें माशी खाचेंतून एक मिलिमीटर ढळली, तर छर्रा सुमारें तीस मिलिमीटर दूर जातो, आणि दहाच्या जागीं सात पडतात. तात्पर्य, हात थोडा हलला तर चालतो, मनगट वळलें तर चालत नाहीं. द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनास पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला होता. ह्या खेळांत मात्र माशी स्पष्ट आणि लक्ष्य अंधुक दिसावें लागतें. लक्ष्याकडेच टक लावणारा येथें नापास होतो! म्हणून तुलना करावयाची ती मुठीची आणि चापाची. बाकीचें मागाहून.

मूठ लांकडाची असते व लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. तिची परीक्षा सोपी आहे. डोळे मिटून पिस्तूल धरावें, हात उचलून लक्ष्याकडे न्यावा, आणि मग डोळे उघडावे. माशी आपोआप खाचेंत आलेली दिसली तर मूठ त्या हाताची. मनगट वांकवून आणावी लागली तर मूठ दुसऱ्या कोणाची. आमच्या घरीं ह्यांत एक अडचण निघाली. नात डावखुरी आहे. डाव्या हातानें कांहीं द्यावें-घ्यावें हें आपल्या घरांतून चालत नाहीं, म्हणून शेजारच्या आजीबाईंनीं तिला उजव्या हातानें शिकविण्याचा उपदेश केला. आम्हीं त्यांस अर्जुनाच्या सव्यसाची ह्या नांवाची आठवण दिली. हंगेरीच्या कारोली ताकाच ह्याचा उजवा हात १९३८ सालीं हातबॉम्बनें निकामी झाला. त्यानें डाव्या हातानें नव्यानें आरंभ करून १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकांत पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. तेव्हां हात बदलावयाचा नाहीं, मूठ बदलावयाची. डाव्या हाताची मूठ दुकानांत सहसा तयार नसते. ती मागवावी लागते, आणि तिचा खर्च पहिल्याच हिशेबांत धरावा.

चाप दोन तऱ्हेचे. एक यांत्रिक, दुसरा विद्युत्-घटावर चालणारा. दुसऱ्याचा स्पर्श फार हलका व एकसारखा असतो. मोरिनीची कीर्ति विशेषतः त्यावरच आहे. पुण्यामुंबईस राहणाऱ्यानें तो खुशाल घ्यावा. आमचा विचार निराळा झाला. २०२१ मध्यें टोकियो येथें पात्रता फेरी चालू असतां मनू भाकर हिच्या पिस्तुलाची तरफच मोडली. दुरुस्तींत बहुमोल वेळ गेला, आणि ५७५ गुण होऊन अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनीं हुकली. तेथें तर शिक्षक व जाणकार पाशीं उभे होते. पोखर्णीस बिघाड झाला तर पिस्तूल पेटींत घालून पुण्यास धाडावें लागेल, आणि मुलीचा महिना बसून जाईल. म्हणून विक्रेत्यास पहिला प्रश्न पदकांचा न करतां हा करावा: दुरुस्ती कोण करतो, कोठें करतो, आणि रबरी कड्या जवळ ठेवतां काय? ज्याचें उत्तर गुळमुळीत आलें त्याचें पिस्तूल आम्हीं यादींतून काढलें. उरलीं तीं दोन, दोन्ही यांत्रिक चापाचीं.

दाबलेल्या हवेचें नळकांडें हा जुनें पिस्तूल घेणाऱ्याच्या फसगतीचा मोठा विषय आहे. नळकांड्यावर तारीख कोरलेली असते. कारखाने त्याची मुदत बहुधा दहा वर्षांची धरतात, आणि मुदत संपलेलें नळकांडें स्पर्धेंत चालत नाहीं. जबाबदारी खेळाडूची. विकणारा पॉलिश केलेली नळी दाखवितो, तारीख दाखवीत नाहीं. ती आपण वाचावी, आणि नव्या नळकांड्याची किंमत जुन्या पिस्तुलाच्या किमतींत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावें. हा हिशेब केल्यावर नव्या मुठीसह, मुदतींतील नळकांड्याचें, एकहाती वापरलेलें पिस्तूल आम्हांस सर्वांत हिताचें दिसलें. चार पाटल्यांचें काम दोहोंवर येतें. ज्यांस तेंही झेपत नाहीं त्यांनीं रशियांतील इझेव्स्कचें जुन्या पद्धतीचें पिस्तूल पाहावें. त्यास नळकांडें नाहीं. प्रत्येक छऱ्यास तरफ ओढून हवा भरावी लागते. साठ वेळां ओढून हात भरून येतो खरा, पण त्यावर नेम उत्तम शिकतां येतो.

राहिलें घरांतलें. हातपंपानें हवा भरतां येते. तो सावकाश चालवावा व मधून थंड होऊं द्यावा, नाहींतर हवेबरोबर दमटपणाही आंत जातो. पिस्तूल कुलुपांत, किल्ली वडिलांकडे. अंगणांतील चिमण्यांवर नेम धरणाऱ्या भावंडांच्या हातीं तें चुकूनही लागूं देऊं नये. आणि छर्रे शिशाचे असतात, शिसें पोटांत गेलें तर विष आहे. म्हणून सराव झाल्यावर साबणानें हात धुतल्याखेरीज मुलीस पानावर बसूं देऊं नये. सोवळ्याचे इतर नियम घरोघर सैल झाले आहेत, एवढा एक मात्र कडक पाळावा.