अपस्मार : रात्रीची अनोळखी लक्षणे आणि प्रश्नपरीक्षेचे महत्त्व

चरकसंहितेत निदानस्थानाचा आठवा आणि चिकित्सास्थानाचा दहावा अध्याय अपस्मारास दिलेला आहे. स्मृतीचा अपगम हे या व्याधीचे प्रधान लक्षण होय. साहजिकच, झोपेत येऊन गेलेला वेग रुग्णास स्वतःला ठाऊक नसतो. वैद्याकडे तो येतो ते निराळीच तक्रार घेऊन.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्या फेनिटॉईन नियमित घेत होत्या आणि दोन वर्षांत त्यांना वेग आलेला नव्हता. अलीकडे मात्र सकाळी अंग ठेचल्यासारखे दुखे, डोके जड होई आणि जिभेच्या कडेस जखम आढळे. त्यांनी याचे खापर पित्तावर व जागरणावर फोडले होते. एकदा अंथरूण ओले झाले होते, पण संकोचाने त्या ते बोलल्या नाहीत. रात्री घशातून घरघर येते व अंग ताठ होते, ही हकीकत सोबत आलेल्या सासूबाईंकडून कळली.

अधिक विचारता आणखी एक गोष्ट उघड झाली. विस्मरणासाठी त्या दीड महिन्यापासून दुकानातून आणलेले शंखपुष्पीचे सिरप घेत होत्या. शंखपुष्पीयुक्त कल्प सुरू केल्यावर दोन रुग्णांचे वेग अनियंत्रित झाल्याचे दिसल्यावरून मुंबईतील संशोधकांनी केलेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. हा कल्प वारंवार दिल्यावर उंदरांच्या रक्तातील फेनिटॉईनचे प्रमाण घटले व औषधाचा परिणामही उणावला. उलटपक्षी, पिप्पली व मरिच यांतील पाइपरीनमुळे फेनिटॉईनचे शोषण वाढते. अशा वेळी चक्कर येणे, चाल अडखळणे या लक्षणांकडे लक्ष हवे.

रात्रीचे प्रत्येक लक्षण अपस्माराचेच असते असे नाही. बालके झोपेत किंचाळून उठतात, ते बहुधा रात्रीच्या पहिल्या प्रहरांत आणि एकदाच. वृद्ध स्वप्नानुसार हातपाय झाडतात, ते पहाटेकडे, आणि जागे केल्यास स्वप्न सांगू शकतात. याउलट मेंदूच्या पुढील भागातून उद्भवणारे वेग अल्पकाळाचे, दरवेळी एकाच प्रकारचे आणि एका रात्रीत अनेकदा येणारे असतात. त्यांत भानही राहू शकते, म्हणून त्यांस ग्रहबाधा किंवा ढोंग समजले जाते. घरच्यांनी मोबाईलवर केलेले चित्रण येथे फार उपयोगी पडते.

रात्री मोठे वेग येणाऱ्या रुग्णांत आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो, म्हणून ही लक्षणे उपेक्षू नयेत. चालू औषध एकाएकी बंद करू नये. वेग आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि पाच मिनिटांहून अधिक काळ वेग टिकल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

त्या शिक्षिकेस मी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविले. रक्तातील औषधाचे प्रमाण कमी आढळले. सिरप थांबवून मात्रा तपासल्यावर रात्रीचे वेग बंद झाले.

औषधालयाच्या चालकांना एवढीच विनंती : मेध्य कल्प हाती देण्यापूर्वी "फिटची गोळी चालू आहे का?" हे अवश्य विचारावे. वैद्यबंधूंनी अपस्माराच्या रुग्णासोबत त्याच्या खोलीत झोपणाऱ्या व्यक्तीसही बोलवावे.