परळचे केईएम

मुंबईत परळला १९२६ साली सुरू झालेले किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे सर्वांचे केईएम, मुंबई महापालिका चालवते. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात आहे. शहरात १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेज होतेच. पण तिथल्या वरच्या जागांवर इंग्रज सरकारी डॉक्टरांचा वरचष्मा असे. त्यामुळे परळच्या महाविद्यालयासाठी देणगी देताना गोर्धनदासांच्या विश्वस्तांनी अट घातली, की इथले अध्यापक भारतीयच असावेत. संस्थेची घडी बसवली ती डॉ. जीवराज मेहतांनी. हेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

अशा रुग्णालयात शिकवणे आणि बरे करणे ही वेगळी खाती नसतात. प्रत्येक विभागाची युनिटे असतात आणि ओपीडीचे व इमर्जन्सीचे वार युनिटांना वाटून दिलेले असतात. सकाळच्या राउंडला रेसिडेंट डॉक्टर केसपेपर हातात घेऊन रुग्णाची हकिगत सांगतो, एखादा विद्यार्थी छातीला स्टेथोस्कोप लावतो, आणि सर विचारतात, ‘काय ऐकू आलं?’ उत्तर चुकले तर पुन्हा ऐकायचे. झडपेच्या दोषाची खरखर पुस्तक वाचून ओळखता येत नाही. रात्रीचा बराचसा भार रेसिडेंटच वाहतात. त्यांच्या झोपेचा हिशेब मात्र कुणी फारसा ठेवत नाही.

रुग्ण भरपूर, आजार नाना तऱ्हेचे, त्यामुळे नवे करून पाहण्याचे धाडसही इथे झाले. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले केले, त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. दात्याचे हृदय घेण्यासाठी आवश्यक असलेल्या मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा देशात १९९४ साली आला आणि त्याच वर्षी दिल्लीत अशी शस्त्रक्रिया यशस्वी झाली. सेन काळाच्या फार पुढे होते, एवढेच म्हणता येईल. ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून इथे टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ सालीच हे साधले होते. त्यांच्या वाट्याला हयातीत अवहेलनाच आली. त्या मानाने मुंबईचे काम नीट नोंदवले गेले. ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे नियतकालिक इथल्या डॉक्टरांनी १९५५ पासून चालवले आहे.

शुश्रूषेचे एक उदाहरण तर कायद्याच्या इतिहासात गेले. १९७३ साली रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यात परिचारिका अरुणा शानभाग कायमच्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ साली मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दयामरणाची याचिका फेटाळली. मात्र ठरावीक अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाटही मोकळी केली.

परळची ही दुनिया आतून कशी दिसते, हे शल्यविशारद डॉ. रवी बापट यांच्या ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ या पुस्तकात वाचायला मिळते. आज रुग्णालयात हजाराहून अधिक खाटा आहेत, तरी वॉर्डात जमिनीवर गाद्या घालण्याची वेळ येतेच. कोकणातून, मराठवाड्यातून, परराज्यांतूनही लोक येतात, आणि त्यांतल्या कित्येकांचे आजार जिल्ह्याच्या ठिकाणी बरे होण्याजोगे असतात. जिल्हा रुग्णालयांत डॉक्टर आणि औषधे पुरेशी मिळाल्याशिवाय परळची गर्दी कमी होणार नाही.