इंग्रजीतला ‘आहे’ कुठे बसतो?

भोसरी एमआयडीसीत मुलाखतीला ‘सध्या काय करतोस?’ असे इंग्रजीत विचारले, की आपली शिकलेली मुलेही अडखळतात. पालकहो, महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. तरी घरचा सराव हवाच.

चालू वर्तमानकाळ अवघड नाही. ‘आई भाकरी करत आहे’ यात ‘आहे’ शेवटी. इंग्रजीत तो कर्त्यापाठोपाठ येतो : ‘मदर इज मेकिंग भाकरी.’ ‘आय’ला ‘अ‍ॅम’, ‘ही-शी’ला ‘इज’, ‘यू-वी-दे’ला ‘आर’; क्रियापदाला ‘इंग’. ‘आय वर्किंग’ चूक, ‘आय अ‍ॅम वर्किंग’ बरोबर. मात्र ‘मला माहीत आहे’ म्हणजे ‘आय नो’. तिथे ‘नोइंग’ नको.

रोज संध्याकाळी घरात कोण काय करत आहे, याची पाच वाक्ये मुलांकडून म्हणवून घ्या. चुकले तर हसू नका. जीभ बोलूनच वळते.