रेड हिलवरून दिसणारे स्क्वाम सरोवर

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयात एक लहानसे जलरंगचित्र आहे. उंची सुमारे २२ सेंटीमीटर, रुंदी सुमारे ३४. म्हणजे शाळकरी चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढेच. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील रेड हिल या डोंगरावरून दिसणारे स्क्वाम सरोवर, त्यातील बेटे आणि पलीकडच्या पर्वतरांगा हा त्याचा विषय. विल्यम ट्रॉस्ट रिचर्ड्स यांनी ते १८७४ मध्ये रंगवले.

त्या काळी अमेरिकेत निसर्गचित्राची प्रतिष्ठा तैलरंगांकडे होती. हडसन नदीच्या परिसरातून नावारूपास आलेल्या चित्रकारांचे भव्य कॅनव्हास पाहण्यासाठी लोक गर्दी करीत. जलरंग मात्र टिपणे, आराखडे किंवा घरगुती छंद यांपुरते मानले जात. हा समज दूर करण्यासाठी १८६६ मध्ये न्यूयॉर्क येथे जलरंग चित्रकारांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि तिची वार्षिक प्रदर्शने भरू लागली. रिचर्ड्स यांचे चित्र या घडामोडीच्या ऐन भरातील आहे.

१८३३ मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेल्या रिचर्ड्स यांच्यावर इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या विचारांचा प्रभाव होता. निसर्ग मनाने सजवू नये, समोर बसून निष्ठेने न्याहाळावा, ही त्या विचारांची शिकवण. आरंभी रानफुले आणि झुडपे अत्यंत बारकाईने रंगवणाऱ्या रिचर्ड्स यांनी पुढे तीच नजर पाण्याकडे, आकाशाकडे आणि दूरच्या क्षितिजाकडे वळवली.

या चित्राची तांत्रिक बाजू समजून घेण्याजोगी आहे. रूढ जलरंगात रंगाचा थर पातळ आणि पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून कागदापर्यंत पोचतो आणि परावर्तित होऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. म्हणून पांढरा कागद हाच चित्रातील उजेड ठरतो. रिचर्ड्स यांनी येथे पांढऱ्याऐवजी फिकट करड्या-हिरव्या छटेचा कागद घेतला. त्यामुळे मधली छटा आयतीच मिळाली. तिच्यावर गडद भाग जलरंगाने आणता येतात. उजळ भाग मात्र कोऱ्या कागदातून निघत नाहीत. त्यासाठी गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरावा लागतो. अपारदर्शक रंगाची भर शुद्धतावाद्यांना मान्य नव्हती. परंतु तीमुळेच जलरंगाला तैलचित्राचा भरीवपणा देता आला.

चित्र संग्रहालयात पोचले ते इलायस मगून या बाप्टिस्ट धर्मोपदेशकामुळे. निसर्गदर्शनाने माणसाचे मन उन्नत होते, अशी त्यांची श्रद्धा होती. रिचर्ड्स यांची अनेक जलरंगचित्रे त्यांनी संग्रहित केली आणि १८८० मध्ये ती मेट्रोपॉलिटनला दिली. संग्रहालयाच्या स्थापनेला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. दुय्यम समजल्या जाणाऱ्या माध्यमाला सार्वजनिक संग्रहात मिळालेले हे स्थान त्या काळी लहान नव्हते.

या मानाबरोबर जतनाची जबाबदारीही आली. जलरंगातील रंगद्रव्याला तैलरंगासारखे तेलाचे वा वार्निशचे संरक्षण नसते. प्रकाशाने अनेक रंग फिके पडतात, कागद पिवळसर होतो, आणि एकदा झालेली हानी भरून येत नाही. विश्रांती दिल्याने ती थांबते, पण पुसली जात नाही. म्हणून अशी चित्रे साधारणपणे ५० लक्स इतक्या मंद उजेडात, मोजक्या काळापुरतीच मांडतात आणि मग पुन्हा अंधाऱ्या कपाटात ठेवतात.

संग्रहालयात गेलेल्या रसिकाला एखादे प्रसिद्ध जलरंगचित्र भिंतीवर आढळले नाही, तर त्यात उपेक्षा शोधण्याचे कारण नाही. स्क्वाम सरोवरावरचा तो उजेड पुढच्या पिढीलाही दिसावा, म्हणूनच त्याला वर्षानुवर्षे अंधारात राहावे लागते.