परसांतील ऊर्णनाभ

संस्कृतांत कोळ्याचीं दोन नांवें विशेष प्रसिद्ध आहेत : ऊर्णनाभ आणि लूता. पहिलें उपनिषदांतलें, दुसरें वैद्यकांतलें. ज्याच्या नाभींतून लोकरीसारखा तंतु निघतो तो ऊर्णनाभ. अक्षरापासून हें विश्व कसें उत्पन्न होतें तें सांगतांना मुण्डकोपनिषदानें त्याचाच दृष्टान्त घेतला आहे. लूतेची कथा निराळी. वसिष्ठ ऋषींस क्रोध आला, त्यांच्या कपाळींचा घाम गाईसाठीं कापलेल्या गवतावर पडला, आणि त्या लून, म्हणजे कापलेल्या, तृणांतून हे विषारी जीव निपजले, असें सुश्रुत सांगतो व त्यांचे सोळा प्रकारहि गणून दाखवितो. आमच्या घरांत पहिलें नांव पोथींतच राहिलें. दुसऱ्याची भीति मात्र केरसुणीच्या टोकाशीं येऊन बसली आहे. दसरा-दिवाळीच्या झाडलोटींत माजघरांतलीं कोळिष्टकें निघतात तीं खुशाल निघोत. परंतु त्याच हातासरशीं परसांतलीं जाळींहि ओढून काढण्यांत येतात, आणि तीं पाहण्याचा काळ तर नेमका तोच असतो. पावसाळाभर किड्यांची चंगळ झालेली असल्यामुळें बागेंतला कोळी आश्विनांत पूर्ण वाढीस येतो, व त्याचें जाळेंहि त्याच मानानें मोठें होतें.

तगरीच्या किंवा कर्दळीच्या दाटींत वीत-दीड वीत रुंदीचें एखादें चक्राकार जाळें शोधावें. त्याच्या मध्यभागीं डोकें खालीं करून, आठ पाय दोन-दोन जुळवून, फुलीच्या आकारांत बसलेली पिवळसर पट्ट्यांची मादी दिसेल. तिच्या पायांच्या रोखानें जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण असते. कोणी घाईघाईनें सही करावी तशी. म्हणून इंग्रजींत हिला 'सिग्नेचर स्पायडर' म्हणतात. आपल्याकडे आढळणाऱ्या हिच्या एका जातीस थोरेल या स्वीडिश शास्त्रज्ञानें १८८७ सालीं जें नांव दिलें, तें रोमन लिपींत 'अनसुजा' असें दिसतें. परंतु लॅटिनमध्यें त्या 'ज'चा उच्चार 'य' होत असल्यामुळें वाचावयाचें तें 'अनसूया' असेंच. श्रीदत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंत ऊर्णनाभ आहे हें भागवताच्या एकादश स्कंधाच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हां गुरूच्या घरीं शिष्याच्या मातोश्रींचें नांव जाऊन पोंचलें, असें म्हणावयास हरकत नाहीं!

ही सही कशासाठीं, यावर विद्वानांत एकमत नाहीं. आयस्नर व नोविकी यांनीं १९८३ सालीं दाखविलें कीं, अशी खूण असलेलें जाळें पक्ष्यांस दुरून दिसतें व ते तें चुकवून जातात. उलट क्रेग व बर्नार्ड यांनीं १९९० सालीं असें मांडलें कीं, त्या रेशमावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांमुळें किडे जाळ्याकडे ओढले जातात. मला स्वतःस हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी वाटत नाहींत.

आतां मुख्य गोष्ट. उपनिषदांत ऊर्णनाभ तंतु निर्माण करतो एवढेंच म्हटलेलें नाहीं. तो परत घेतो, असेंहि म्हटलें आहे. हें दुसरें क्रियापद केवळ प्रलयाच्या सोयीसाठीं घातलें असावें, असें पुष्कळांस वाटतें. ज्यास शंका असेल त्यानें पहाटेच्या काळोखांत मंद दिवा घेऊन तगरीपाशीं उभें राहावें. धूळ बसून चिकटपणा गेलेले कालचे वेढे मादी गोळा करते आणि चक्क गिळून टाकते. आधाराचे बाहेरचे दोर तेवढे ठेवते. मग मध्यापासून आरे ओढते. त्यांवर आंतून बाहेर असा विरळ, तात्पुरता वेढा घालते. आणि शेवटीं बाहेरून आंत येत येत चिकट सुताचे दाट वेढे देते व देतां देतां तो तात्पुरता वेढा काढीत जाते. गवंडी जसा काम झालें कीं परांची सोडवितो, तसेंच हें. पीकॉल या शास्त्रज्ञानें १९७१ सालीं यूरोपांतल्या बागेंतील कोळ्याच्या रेशमास किरणोत्सर्गी खूण करून पाहिलें, तेव्हां गिळलेल्या जाळ्यांतला बहुतेक अंश नव्या जाळ्यांत पुनः उतरलेला आढळला. नाभि हा शब्द मात्र सैल अर्थानें घ्यावयाचा. तंतु निघतो तो पोटाच्या मागल्या टोकाखालच्या सूक्ष्म स्तनाकार अवयवांतून.

छायाचित्र घेण्यास मोठा कॅमेरा लागत नाहीं, मोबाइल पुरतो. धीर मात्र लागतो. सूर्य नुकताच वर आला असतां जाळें आपल्या व सूर्याच्या मध्यें येईल असें उभें राहावें आणि भिंगावर हाताची सावली धरावी. मागें दाट छाया असली कीं एकेक सूत चांदीसारखें उठून दिसतें. मोबाइल जाळ्यास समांतर न धरल्यास अर्धें चक्र पुसट येतें. आणि पडद्यावर कोळ्याच्या आकृतीवर बोट दाबून न धरल्यास यंत्र मागल्या भिंतीचेंच चित्र स्पष्ट काढतें! वारा थांबेपर्यंत आपणहि थांबावें. जाळ्यास बोट लावूं नये. मादी सारें जाळें गदागदा हलविते व चित्रांत नुसता ठिपका फरफटलेला दिसतो. दंव हवें म्हणून पाणी शिंपडणें, सुतें दिसावींत म्हणून पीठ भुरभुरविणें, हे प्रकार मला मुळींच मान्य नाहींत. तिचा दिवसाचा उद्योग आपल्या हौसेपायीं कां बुडवावा? तिच्यापासून माणसास अपाय नाहीं, हें घरांतील मुलांस आधींच सांगून ठेवावें. जाळ्याच्या कडेला एखादा चिमुकला तपकिरी कोळी दिसला तर तें पिलूं समजूं नये. बहुधा तो नर असतो, आणि त्याचें दैव फारसें चांगलें नसतें.

दिवाळीच्या सुमारास एके दिवशीं मादीचें पोट एकाएकीं बारीक झालेलें दिसेल. तेव्हां जवळपासच्या पानांच्या आडोशाला रेशमी पिशवी शोधावी. तींत शेंकडों अंडीं असतात, आणि झाडलोटीच्या व औषध मारण्याच्या उत्साहांत हीच पिशवी सर्वांत आधीं नाहींशी होते. त्या फांदीस लाल दोरा बांधून ठेवला म्हणजे घरांतील कोणी ती छाटीत नाहीं. पिशवीचेंहि चित्र घ्यावें. खालीं तिथि, वेळ व झाडाचें नांव लिहावें, आणि पिलें निघेपर्यंत दर आठवड्यास तेथेंच उभें राहून दुसरें घ्यावें.