गुळगुळीत पृष्ठभागाची भूमिति



कुंभाराच्या चाकावरून उतरलेली घागर आणि मूर्तिकारानें हातानें घडविलेला गणपतीचा गाल, हे दोन्ही आकार डोळ्यांना सारखेच गुळगुळीत दिसतात. परंतु भूमितीच्या दृष्टीनें त्यांत मोठें अंतर आहे. घागर कोणत्याही उंचीवर आडवी कापली तरी छेद वर्तुळाकारच येतो. बाजूची एक रेषा आणि एक कंपास एवढ्यांत तिचें वर्णन संपतें. गालाचें तसें नाहीं. त्याला ना केंद्र, ना त्रिज्या. मोटारीचें कवच, जहाजाचा तळ, फार काय, घरांतील इस्तरीची मूठ, हीं सर्व याच जातीचीं रूपें होत. असा मुक्त आकार संगणकाला कसा सांगावा, आणि तो खरोखर गुळगुळीत आहे कीं नाहीं हें कशावरून ठरवावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

संगणक येण्यापूर्वीं जहाज बांधणारे कारागीर मोठ्या माळ्याच्या जमिनीवर आराखडा पूर्ण मापाचा काढीत. एक लवचीक लांकडी पट्टी घेऊन ती ठराविक ठिकाणीं शिशाच्या वजनांनीं अडकवावी, आणि ती आपण होऊन जो बांक घेईल तो रेखून घ्यावा, अशी त्यांची रीति होती. वजनांनीं जेवढें बंधन घातलें तेवढें पाळून पट्टी कमींत कमी ताण पडेल असाच बांक घेते. म्हणून त्या रेषेंत अकारण उंचसखलपणा येत नाहीं. या पट्टीचें इंग्रजी नांव स्प्लाइन. १९४६ सालीं आयझॅक शोएनबर्ग या गणितज्ञानें तेंच नांव एका जातीच्या गणिती वक्ररेषांना दिलें.

मोटारींच्या कारखान्यांतील अडचण निराळी होती. चित्रकारानें कागदावर आकार काढावा, कारागिरानें त्यावरून नमुना घडवावा, आणि नमुन्यावरून पत्रा दाबण्याचे पोलादी साचे व्हावेत, असा क्रम असे. प्रत्येक हातांतून जातांना आकार थोडा थोडा बदले, आणि शेवटीं खरा आकार चित्रांतला कीं नमुन्यांतला, हाच वाद उरे. फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यांत पॉल द कास्तेल्जो या तरुण गणितज्ञानें १९५९ सालीं यावर एक सोपी युक्ति शोधली. कारखान्यानें ती गुप्त ठेवली. रेनो कारखान्यांतील अभियंता पिएर बेझिए हा स्वतंत्रपणें त्याच रेषेपर्यंत पोंचला. त्याचें लेखन १९६० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध झालें, म्हणून ती रेषा आज जगभर बेझिएच्या नांवानें ओळखली जाते. ज्ञान कुलुपांत ठेवलें म्हणजे शोधकाचें नांवही बराच काळ कुलुपांत राहतें.

ही युक्ति घरच्या घरीं करून पाहण्याजोगी आहे. कागदावर एक आडवी रेषा काढा. तिच्या डाव्या टोकाला क आणि उजव्या टोकाला ग म्हणा. मध्याच्या बरोबर वर १० सेंटिमीटरांवर ख हा बिंदु घ्या. कख आणि खग या रेषा काढून त्यांचे मध्यबिंदु जोडा, आणि या नव्या रेषेचाही मध्य काढा. तो ५ सेंटिमीटर उंचीवर येईल. हा आपल्या वक्ररेषेवरील एक बिंदु झाला. आतां तीच कृति निम्म्याऐवजीं तिन्ही वेळां चतुर्थांशावर करा. पावणेचार सेंटिमीटर उंचीवर दुसरा बिंदु मिळेल. असे बिंदु जोडीत गेलें म्हणजे एक डौलदार कमान उभी राहते. ती क पासून निघते ती ख च्या रोखानें, पण ख ला स्पर्श मात्र करीत नाहीं. ख वर उचलला कीं कमानही वर येते. म्हणजे ख हा वाटेवरचा मुक्काम नव्हे. तो दुरून ओढणारा लोहचुंबक आहे.

व्यवहारांत बहुधा चार बिंदूंची रेषा वापरतात. अशा चार रेषा शेजारीं शेजारीं घ्या, प्रत्येकीवर सारख्याच प्रमाणांत एक बिंदु घ्या, आणि त्या चार बिंदूंवरून आडवी रेषा काढा. अशा आडव्या रेषा दाट होत गेल्या म्हणजे त्यांची चादर विणली जाते. एवढा सगळा तुकडा अवघ्या १६ बिंदूंत सामावतो. या साध्या रेषेला बिनचूक वर्तुळ साधत नाहीं. पण बिंदूंना कमीअधिक वजन दिलें कीं तेंही साधतें. अशा वजनदार रेषांचा विचार केनेथ व्हर्स्प्रिल यानें १९७५ सालीं अमेरिकेंतील सिरॅक्यूस विद्यापीठाच्या प्रबंधांत मांडला, आणि आज नर्ब्स या नांवानें त्या अभियंत्यांच्या नित्य वापरांत आहेत.

मात्र मोटारीचें कवच एका तुकड्याचें नसतें. अनेक तुकडे जोडावे लागतात, आणि खरी परीक्षा सांध्याशीं होते. आगगाडीचा रूळ आठवा. सरळ रूळ संपून वर्तुळाचा भाग सुरू झाला, आणि सांध्यावर दोहोंची दिशाही जुळली, तरी वांक एकदम आल्यामुळें गाडीला हिसका बसतो. म्हणून अभियंते मध्यें हळूहळू वांकत जाणारा रूळ घालतात. पृष्ठभागाचेंही तसेंच आहे. कडा जुळणें ही पहिली पायरी, दिशा जुळणें ही दुसरी, आणि वांक जुळणें ही तिसरी.

बोटांना न कळणारा दोष प्रकाशाला कळतो. चकचकीत पत्र्यावर समांतर दिव्यांच्या पट्ट्यांचें प्रतिबिंब पाडून तो पारखतात, आणि पडद्यावर संगणक तसेच काळेपांढरे पट्टे काढून दाखवितो. केवळ कडा जुळल्या असतील तर सांध्यावर पट्टे तुटतात. दिशा जुळली असेल तर ते जोडले जातात, पण तेथें कोन पडतो. वांकही जुळला असेल तर ते सलग वाहत जातात.

नवशिका मनुष्य फुगवटा दिसला कीं तो दाबण्यासाठीं आणखी बिंदु घालतो. प्रत्येक नवा बिंदु म्हणजे नव्या लाटेला आमंत्रण. शेवटीं पृष्ठभाग चुरगळलेल्या धोतरासारखा होतो. जाणता कारागीर उलट बिंदु कमी करतो. जुना जहाजकारागीर पट्टीवर अनावश्यक वजन ठेवीत नसे, तें याच कारणास्तव. यंत्र गणित बिनचूक करील. परंतु कोठें बिंदु ठेवावा आणि कोठें ठेवूं नये, हें ठरविणारी नजर माणसालाच कमवावी लागते. घरांतील मुलांना कागद-पेन्सिल देऊन ती तीन बिंदूंची कमान काढावयास लावा, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.