पोटावरची छिद्रं

सकाळी ८.३० : गोव्यातलं दोना पावला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आधी चंचुपात्रं बघायची. मध्य हिंदी महासागराच्या तळाचा गाळ काल हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवलाय, चिकणमाती सुटावी म्हणून. आम्ल घातलं तरी फारसं फसफसत नाही. पाच हजार मीटर खोलीवर चुन्याची कवचं विरघळून जातात आणि रेडिओलॅरिया या एकपेशी जीवांची सिलिकाची कवचं तेवढी राहतात. ६३ मायक्रॉनच्या चाळणीत हलक्या हाताने धुणं.

१०.०० : कॅनडा बाल्सममध्ये बसवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली. आजचं गिऱ्हाईक लॅम्प्रोसायक्लास मारिटालिस ही रेडिओलॅरियांची जात : डोक्यावर शिंग, खाली छाती, मग पोट, तोंडाशी दातांच्या दोन रांगा. सापडला की इंग्लंड फाइंडर या चौकटी आखलेल्या काचेवरून त्याचा पत्ता टिपायचा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच नमुना शोधत बसावं लागतं.

११.३० : पोटावरची छिद्रं मोजणं. कडेची छिद्रं मागे वळतात, म्हणून समोरच्या अर्ध्या भागातलीच धरायची. पोट फुटलेले नमुने बाद.

१.१५ : भात, हुमण.

२.०० : संदर्भ. हेकेलचा चॅलेंजर मोहिमेचा अहवाल १८८७चा. कॅथरिन निग्रिनींनी १९६७ साली जास्त छिद्रांची ‘पॉलिपोरा’ ही उपजाती वेगळी काढली. माझे काही नमुने धड इकडे नाहीत, धड तिकडे नाहीत.

३.३० : जयपूरजवळच्या बस्सीचा आमचा प्रकल्प सहायक हिंदीत सुचवतो, तिसरी उपजाती करून टाकू. मी त्याला आलेख दाखवते : कमी छिद्रांपासून जास्तीपर्यंत सलग रांग, मध्ये कुठे फट नाही. उपजाती म्हणजे जागेने किंवा काळाने वेगळी पडलेली वस्ती. त्याचा उलटा प्रश्न : मग पॉलिपोरा तरी कशी टिकते? रास्त आहे. पण इथे एक सेंटिमीटर गाळ साचायला काही हजार वर्षं लागतात, त्यातही किडे तो ढवळतात. एका स्लाइडवरचे शेजारी एकाच काळातले असतीलच असं नाही.

४.४५ : ‘प्रकार’ म्हणून नाव देण्याची पळवाटही बंद आहे. १९६०नंतर तशा नावांना प्राणिनामकरण संहिता मान्यता देत नाही. उपजाती करायची तर मूळ नमुना, त्याचं ठिकाण, फरकाचं वर्णन, सगळं रीतसर हवं.

६.०० : नोंदवहीत मधल्या नमुन्यांना वेगळा रकाना, नाव नाही. पुढचं काम ठरलं : जिथे गाळ भरभर साचलाय तिथला कोर, म्हणजे गाळाचा उभा नमुना, घ्यायचा आणि हीच छिद्रं थरागणिक मोजायची.